आकारामनं मासे चोरले नव्हते

आकाराम काच कापायला बसला की त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालत नसे. एरवी त्याचा आवाज असा, की राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत उभं राहून त्यानं चहा सांगितला तर आठव्या गल्लीतला टपरीवालाही आधण ठेवायचा. मूळचा शाहूवाडीकडचा, भातशेतीच्या घरातला. तेरा वर्षं त्यानं कबनूरच्या यंत्रमागावर काढली आणि त्या खडखडाटात डावा कान कायमचा घालवला. आपल्याला ऐकू येत नाही त्या अर्थी समोरच्यालाही येत नसणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. पण हातात कटर आली की हा माणूस देवळात बसल्यासारखा गप्प. काचेवर एकच रेघ, दोन्ही अंगठ्यांचा एक दाब, आणि काच सांगितल्या जागी तुटायची. दहा वर्षांत त्याच्या हातून वाकडी तुटलेली काच मी दोनदाच बघितली. दोन्ही वेळा मी मध्ये बोललो होतो.

मी शशिधर. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. १९९३ साली ते काढलं तेव्हा लिंगायताचं पोर मासे विकतंय म्हणून सगळ्या लक्ष्मीपुरीनं माझी थट्टा केली. लक्ष्मीपुरीत अप्पांचं भुसारी दुकान होतं आणि त्यांच्या मते माणसानं विकावं ते पोत्यात भरता येईल असंच. अप्पा म्हणजे माझे वडील शिवय्या, सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. महिनाभर धुसफूस केल्यावर त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "जित्ता मासा वीक. मेलेल्याचा एक तुकडासुद्धा उंबऱ्याच्या आत येता कामा नये." मी ती अट पाळली. माशांचं खाणं बंद डब्यातून यायचं आणि ते कशाचं केलंय हे डब्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असायचं. ते आम्ही वाचत नव्हतो. झाकण घट्ट असलं की शाकाहार टिकतो.

आकाराम आला तो १९९५ साली, दुकानाच्या दाराला काच बसवायला. माग सोडून तेव्हा तो एका काचवाल्याकडं रोजावर होता. दार राहिलं बाजूला. माझ्या एका टाकीच्या कोपऱ्यातून पाणी पाझरत होतं, तिथं जाऊन तो उकिडवा बसला.

"पावणं, ही टाकी रडतीया की. कुणी चिकटवली?"

मीच चिकटवली होती.

"तरीच," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन ती टाकी पुरी उकलून नव्यानं जोडून दिली. त्यानंतर तो माझ्याकडंच राहिला. आकारामला मी कामाला ठेवलं, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे दुकान त्यानं चालवलं आणि गल्ल्यावर मी बसलो. एका दमात वीस मासे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चार द्यायचा आणि महिन्यानं या म्हणायचा. "मासं पाळायचं सोडा पावणं, पाणी पाळा. पाणी जगलं की मासं जगत्यात." मी मागून दातओठ खायचो. पण तेच गिऱ्हाईक महिन्यानं परत यायचं, आणि येताना मेव्हण्याला घेऊन यायचं.

खाऱ्या पाण्याची टाकी हा माझा हट्ट. २००२ साली अप्पा गेले. दुकानाच्या वरच आमचं घर. तिथं माझी आई रत्नव्वा, आमची अव्वा, दिवसभर खिडकीकडं तोंड करून बसून राहायची. तिच्यासाठी म्हणून हॉलमध्ये पाच फुटी टाकी केली. जिना अरुंद, म्हणून आकारामनं काचा सुट्या वर नेल्या आणि हॉलमध्येच चार दिवस बसून त्या जोडल्या. खरं प्रवाळ पाळायला कायद्यानं बंदी. समुद्रातले साधे दगड, वाळू, फुलासारखे डोलणारे दोन जिवंत अ‍ॅनिमोन आणि सात मासे एवढ्यावर आम्ही आमचा समुद्र उभा केला. पाच निळेशार डॅमसेल आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची एक जोडी. पाणी मात्र अस्सल. महिन्यातून एकदा टेम्पोत निळे कॅन घालून आंबा घाट उतरायचा आणि रत्नागिरीहून भरून आणायचं. किनाऱ्यावर मी काचेचं मापक बुडवून खारटपणा मोजायचो. आकाराम बोट बुडवून जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "आज अळणी हाय. हितं पाऊस झालाय." माझं मापक त्याच्यानंतर तेच सांगायचं.

अव्वा माशांत रमली. क्लाउनच्या जोडीला ती नवराबायको म्हणायची आणि नवरा फार हुंदडायला लागला की त्याला कानडीत दटावायची. दुपारी लाईट गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग आकाराम वर यायचा, स्टुलावर बसायचा आणि तांब्यानं टाकीतलं पाणी काढून वरून धार सोडत राहायचा. लाईट येईपर्यंत, दोन-दोन तास. दर तांब्यामागं अव्वाला मागावरची एखादी गोष्ट सांगायचा. घराची एक किल्ली त्याच्याकडं होती, आणि ती त्याच्याकडं आहे याची कुणाला कधी आठवणही होत नसे.

२००४ च्या पावसाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्यानं मालात एक जादाची पिशवी पाठवली. आत तारामाशाचा एक चुलतभाऊ होता. ब्रिटल स्टार म्हणतात त्याला, कारण हात धरायला गेलं तर तो हात तुटून आपल्याकडं राहतो आणि गडी निघून जातो. त्याला नवा हात फुटतो. हा हिरवागार होता. अंग पेढ्याएवढं आणि पाच हात वीतभर लांब, काटेरी. मी हरखलो. असा प्राणी कोल्हापुरात कुणाच्या घरी नव्हता.

घरच्या टाकीत तो चालतो का, हे विचारायला मी सायबर कॅफेत गेलो. परदेशातले शौकीन जिथं गप्पा मारतात त्या पानावर, येईल तशा इंग्रजीत विचारलं: ब्रिटल स्टार माशांबरोबर ठेवला तर धोका आहे का? दुसऱ्या दिवशी उत्तरं आली होती. पहिलंच होतं, बिनधास्त ठेवा, बहुतेक जाती गरीब असतात, उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतात. खाली आणखी तीन-चार उत्तरं होती. एकानं रंग कोणता म्हणून विचारलेलं ओझरतं दिसलं. माझा अर्धा तास संपला होता आणि मला हवं ते मिळालं होतं. मी उठलो. त्या आठवड्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ब्रिटल स्टारवर व्याख्यान द्यायला लागलो. अगदी गरीब प्राणी, खरकट्यावर जगतो, टाकीचा झाडूवाला!

आकारामला ते पटलं नाही. काचेला चिकटलेल्या हिरव्याचं तोंड त्यानं खालून बारकाईनं बघितलं.

"मालक, ह्येला पाच जबडं हायती. खरकटं खायाला एवढं कशाला लागतंय?"

"मी वाचलंय," मी म्हणालो.

वाचलंय म्हटल्यावर तो गप्प बसला. पण संध्याकाळी निघताना रोज वर जाऊन तो टाकीचा दिवा बंद करायचा, हिरवा दगडाखालून हात बाहेर काढायचा, आणि आकाराम विचारायचा, "काय पावणं, जेवलासा का?" पाहुणा उपाशी राहिलेला त्याला बघवत नसे. आपल्या घरचा असो नाहीतर दुसऱ्याच्या.

सहा महिने हे असंच चाललं. मग एके दिवशी अव्वानं मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की आकारामजवळ तंबाखूची एक डबी असते, तीत तंबाखू नसतो. मी त्याच संध्याकाळी वर गेलो. आकाराम बांबूच्या काडीला कोळंबीचा तुकडा टोचून हिरव्याला भरवत होता. पाचही हात त्या काडीभोवती वळले होते. अव्वाच्या हॉलमध्ये, अप्पांच्या फोटोखाली.

माझं डोकं फिरलं. तो राग सगळाच चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. घर आमचं होतं आणि अट अप्पांची होती. पण जे बोललो ते मात्र हलकं बोललो. "तुम्हा लोकांचं खाणं तुमच्या घरी. आमच्या उंबऱ्याच्या आत ही घाण आणायची नाही," असं मी दहा वर्षं जोडीनं राबलेल्या माणसाला म्हणालो.

आकारामनं डबी मिटली. "चुकलं मालक, तुमच्या घरात आणायला नको हुतं. पर ह्येला खायाला लागतंय. नसंल द्यायचं तर त्येला खाली दुकानात एकटा ठेवा. माशांत ठेवू नका. उपाशी पावणा घरात बरा न्हवं."

"ते मी बघतो," मी म्हणालो.

मी काय बघितलं ते सांगतो. मी त्या प्राण्याला शाकाहारी केलं. उकडलेला वाटाणा, पालकाचं पान, डब्यातल्या कोरड्या खाण्याची चिमूट. तो पालकावरून नुसता हात फिरवून निघून जायचा. तरी मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचो, "आमच्या घरी राहून तोसुद्धा लिंगायत झाला बघा." लोक हसायचे. आकाराम तेवढा हसत नसे.

महिन्याभरात एक डॅमसेल दिसेनासा झाला. मग दुसरा. मेलेला मासा तरंगतो, नाहीतर दगडाआड अडकून वास मारतो. इथं काटाही सापडेना. तिसरा गेला. मग एका सकाळी अव्वानं हाक मारली. जोडीतला नवरा नव्हता आणि बायको एकटीच अ‍ॅनिमोनमध्ये बसून होती. अव्वा त्या दिवशी जेवली नाही. नवरा जाऊन मागं राहणं म्हणजे काय हे तिला मासा बघून कळायचं नव्हतं.

बंद घरातून चार मासे जातात कुठं? मी आकारामला विचारलं. तो म्हणाला, "हिरव्याला बाजूला काढा म्हणून मी तवाच सांगितलं हुतं." मला वाटलं, डबी पकडल्याचा राग काढतोय. त्याच आठवड्यात कबनूरचे गणपतराव दुकानात आले. त्यांचे यंत्रमागाचे दोन कारखाने. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या आकारामनं आमच्यात काय झ्याक टाकी करून दिली हो! निळं मासं तर असं पळत्यात." आकारामनं कबनूरला टाकी केली होती हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी, आपल्या सुट्टीत केलेली. निळे मासे म्हटल्यावर माझ्या डोक्यात सगळं जुळलं. ते मासे कुठून घेतले, एवढं एक वाक्य मी गणपतरावांना विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पुण्याहून घेतले होते, त्यांच्या जावयानं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात चार माणसं होती. शेजारच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर, कॉलेजातली दोघं, आणि चहा घेऊन आलेला टपरीवाला. आकाराम खाली बसून सिलिकॉनची रेघ ओढत होता. मी त्याच्या डाव्या अंगाला उभा होतो. हलक्या आवाजात म्हणालो, "कबनूरला किती मासे पोचवलेस?"

"आं?" तो म्हणाला. "काय म्हणालासा?"

तेव्हा तरी मला थांबता आलं असतं. तो बहिरा कान म्हणजे देवानं मला दिलेली दुसरी संधी होती. मी ती घेतली नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "माझ्या घरातले मासे चोरून कबनूरला किती विकलेस?"

आकाराम उठला. बोटाला लागलेलं सिलिकॉन त्यानं फडक्याला पुसलं, खूप वेळ पुसत राहिला. "आमी मासं खातो मालक, चोरत न्हाय," तो म्हणाला. नेहमीपेक्षा हळू आवाजात. मग खिशातून घराची किल्ली काढून त्यानं गल्ल्यावर ठेवली. अर्धी राहिलेली रेघ मात्र पुरी केली, कारण सिलिकॉन मध्येच सोडलं तर सांधा गळतो. आणि गेला.

एवढ्यावरही माझं भागलं नाही. मी गणपतरावांना फोन केला आणि त्या माणसाला घरात घेताना जपा म्हणून सांगितलं. आकारामला कबनूरला स्वतःचं लहानसं दुकान टाकायचं होतं आणि गणपतराव त्याला आपला रस्त्यावरचा गाळा देणार होते, हे मला नंतर कळलं. तो गाळा त्याला मिळाला नाही. राजारामपुरीतही कुणी त्याला उभं केलं नाही. माशांच्या धंद्यात आम्ही दुकानदार मोजके, आणि सगळे एकमेकांचं ऐकणारे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो परत मागावर गेला.

तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी चौथा डॅमसेल नाहीसा झाला. किल्ली माझ्याकडं, चोर कबनूरला, आणि मासा गेला. तरी मला काही सुचलं नाही. मेला असेल कुठंतरी, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस एकदा खोटं धरून बसला की त्याला डोळ्यांची गरज उरत नाही.

मग २००५ च्या उन्हाळ्यातली एक दुपार. लोडशेडिंग तेव्हा जोरात होतं. दुकानाचं शटर खाली ओढून मी वर आलो. ऊन लागू नये म्हणून अव्वानं पडदे लावलेले, हॉलमध्ये अंधार. पंप बंद होता, म्हणून स्टुलावर बसून मी तांब्यानं धार सोडत होतो. हात भरून आले होते. आकाराम दोन तास हे कसं करायचा कुणास ठाऊक. तेवढ्यात हिरवा दगडाखालून बाहेर आला आणि वाळूवर पाचही हातांच्या टोकांवर उभा राहिला. अंग वर उचललेलं, खाली पोकळी. कोंबडीवर डालगं झाकायला धरावं तसा. हलेना, डुलेना. शेवटचा डॅमसेल अंधारात आडोसा शोधत होता. त्याला ती गुहाच वाटली. तो आत गेला. हिरव्यानं एक गिरकी घेतली आणि पाची हात वेढून खाली बसला.

दोन मिनिटांनी तिथं काहीच नव्हतं. काटासुद्धा नाही.

अव्वा माझ्या मागंच बसली होती. तिनंही बघितलं होतं. "अय्यो," ती म्हणाली. मग म्हणाली, "शशी, आकारामला बोलावून घे."

मी आधी सायबर कॅफेत गेलो. ते जुनं पान शोधून काढलं. दुसरंच उत्तर होतं: रंग कोणता? हिरवा असेल तर माशांत ठेवू नका, हात उभारून मासे धरतो. पोटभर खायला घातलं तर काही काळ गप्प राहतो, पण भरवसा नाही. वर्षभर ते तिथं मला सांगत बसलं होतं. आकारामनं हेच सांगितलं होतं, त्या प्राण्याच्या तोंडाकडं बघून.

हिरव्याला मी खाली दुकानात वेगळ्या टाकीत एकट्याला ठेवलं. त्याला एक दिवसाआड कोळंबी आणायला लागलो, मीच, मासळीबाजारातून, माझ्याच हातानं. अप्पांची अट मोडायला मला पाच मिनिटं लागली. आकारामकडं जायला आठ महिने लागले. श्रावण संपू दे म्हटलं, मग दसरा होऊ दे, मग दिवाळीची गर्दी. अव्वा रोज विचारायची, नंतर नंतर तिनं विचारायचं सोडलं.

कबनूरला गेलो तो जानेवारीतला एक रविवार. आकाराम घराबाहेर बाजेवर बसला होता, केसांत सुताचा भुगा. त्याची बायको चिमणाबाई हिनं मला बघून पदर सारखा केला आणि "बसा" एवढंच म्हणाली. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हणालो. "तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा." आणि रडलो. माझं मलाच बरं वाटत होतं.

आकारामनं ऐकून घेतलं. म्हणाला, "एकूण सा खाल्लं म्हणा की."

"सहा."

"आणि अव्वांची ती एकटी हाय अजून?"

"आहे."

चिमणाबाई आतून बोलली. तिचा आवाज वर गेला नव्हता. "पावणं, तुमी हे हितं सांगताय. आमाला ठावंच हुतं की. तुमी त्यास्नी बोलला दुकानात, चार माणसांत. आजबी हितल्या हाटेलात लोक इचारत्यात, मासं कितीला गेलं म्हणून. सांगायचं आसंल तर तितं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "या तुम्ही दोघं. सोमवारी या. डॉक्टर असतात, मी गणपतरावांनाही बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो." मनापासून म्हणालो. कबनूरच्या त्या बाजेवर मी अगदी शूर होतो.

सोमवारी दोघं आली. आकारामनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, चिमणाबाईनं लग्नकार्यात नेसायचं लुगडं. डॉक्टर आले होते, गणपतराव आले होते, आणखी दोघं गिऱ्हाईकं होती. मी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "हे आकाराम," मी म्हणालो, "आमच्याकडं दहा वर्षं होते. यांच्यासारखा टाकी जोडणारा माणूस जिल्ह्यात नाही." गणपतरावांनी मान हलवली आणि दुसरीकडं बघितलं. आकाराम वाट बघत होता. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. चहा आला. मी सगळ्यांना कप दिले, साखर पुरेशी आहे का विचारलं, उसाच्या दरावरही काहीतरी बोललो.

तेवढ्यात डॉक्टरांनी हिरव्याच्या टाकीवर बोट टेकवलं. "शशीभाऊ, हाच ना तो तुमचा झाडूवाला? आमच्या टाकीत सोडला तर चालेल? मासे वगैरे खात नाही ना?"

एवढं सोपं कुणी कुणाला करून देत नाही. खातो, एवढाच शब्द. खातो, डॉक्टर, माझे सहा खाल्ले. बाकीचं तिथल्या प्रत्येकाला आपोआप कळलं असतं. आकारामनं कपातून मान वर केली. चिमणाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मला दिसलं ते एवढंच, की दीड वर्ष ज्यांना मी व्याख्यानं दिली ते सगळे आता हसणार, आणि ज्यानं सगळ्या गल्लीसमोर एका माणसाला चोर म्हटलं तो मूर्ख होता, हे त्याच गल्लीला कळणार.

"छे हो," मी म्हणालो. "अगदी गरीब आहे. खरकट्यावर जगतो."

गणपतरावांना आणि डॉक्टरांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. आकारामनं उरलेला चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला.

"उठा," चिमणाबाई त्याला म्हणाली. "झालं त्यांचं सांगून."

तो उठला. दारात चपला घालताना माझ्याकडं वळून म्हणाला, "येतो मालक." दहा वर्षं दुकान बंद करताना म्हणायचा, तसंच.

मी "या" म्हणालो, आणि डॉक्टरांना सांगितलं की हिरवा विकायचा नाही.